ऑनलाइन लिलावात तबकड्या विकताना गिऱ्हाइकाच्या अवाजवी तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातून ईबे या परदेशी लिलाव-साइटवर जुन्या तबकड्या, म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्ड, विकतो. लाखेच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे), ४५च्या लहान ईपी, ३३च्या मोठ्या एलपी, आणि त्यातही नाट्यगीतं, भावगीतं, हिंदी सिनेसंगीत. ईबेचं भारतातलं दुकान ऑगस्ट २०१८मध्ये बंद झालं, तेव्हापासून आपल्याकडचे विक्रेते तिथे मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकालाच विकतात. अंतर लांबचं, भाषा परकी आणि माल नाजूक, म्हणून तक्रारी येणारच. नव्याने विकायला लागलेले लोक मला फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. नियमांचे आकडे ईबेचे आहेत. ते अधूनमधून बदलतात, तेव्हा केस लढण्याआधी साइटवर एकदा पडताळून घ्या.

तक्रार अवाजवी आहे की खरी, हे ओळखायचं कसं?

आधी स्वतःचं वर्णन उघडा, गिऱ्हाइकाचा मेसेज नंतर वाचा. आपण काय लिहिलं होतं, कुठले फोटो टाकले होते, हे डोळ्यांसमोर ठेवून तक्रार वाचली की निम्मा राग उतरतो. तक्रारीतली गोष्ट वर्णनात नसेल आणि फोटोतही दिसत नसेल, तर गिऱ्हाईक कितीही उर्मट बोललं तरी तक्रार खरी आहे. उलट गिऱ्हाईक अगदी गोड बोलतंय, पण ज्या चऱ्याबद्दल बोलतंय तो तुम्ही तिसऱ्या फोटोत जवळून दाखवलेला आहे, तर ती तक्रार अवाजवी.

आणखी एक तिसरा प्रकार आहे, आणि माझ्या अनुभवात तोच सगळ्यात मोठा: अजाण गिऱ्हाईक. त्याला फसवायचं नसतं, त्याला वस्तू कळलेली नसते. त्याच्याशी भांडलात तर तो अवाजवी गिऱ्हाईक होतो. समजावलंत तर पुढची दहा वर्षं तुमच्याकडून घेतो.

‘तबकडी खराब आहे, नुसती खरखर येते’ अशी तक्रार आली. मी तर वाजवून बघितली होती!

ही तबकडीवाल्यांची नेहमीची तक्रार, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. तिला साधारण ३ मिल, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाएवढ्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक. आजकाल घरोघरी जे प्लेअर आहेत त्यांना एलपीची सुई असते. ती ७८च्या खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि तळाला साठलेली सगळी घाण आणि झीज ऐकवते. तबकडी निर्दोष असते, सुई चुकीची असते.

दुसरी गोष्ट वेगाची. बऱ्याच नव्या प्लेअरवर ७८चा वेग नसतोच, फक्त ३३ आणि ४५. मला एकदा एका गिऱ्हाइकाने कळवलं की तुम्ही भलतीच तबकडी पाठवलीत, लेबलवर बाईचं नाव आहे आणि गातोय पुरुष. रिफंडची मागणी, वर ‘फसवणूक’ हा शब्द. मी फक्त एवढंच विचारलं, की प्लेअरचा वेग दाखवणाऱ्या बटणाचा फोटो पाठवाल का? फोटो आला. बटण ४५वर होतं. ७८ची तबकडी ४५वर लावली की सूर जवळजवळ साडेनऊ अर्धस्वर (सेमिटोन) खाली येतो. कुठलीही गायिका त्या वेगात पुरुष वाटेल. मी तसं लिहून कळवलं, चार दिवसांनी माफीचा मेसेज आला आणि पुढच्या महिन्यात त्याच गिऱ्हाइकाने आणखी तीन तबकड्या घेतल्या.

तेव्हापासून ७८च्या प्रत्येक वर्णनात पहिल्याच ओळीत ठळक लिहितो: ही ७८ आरपीएमची लाखेची तबकडी आहे, एलपीची सुई चालणार नाही, प्लेअरला ७८चा वेग हवा. ही एक ओळ टाकल्यापासून खरखरीच्या तक्रारी खूपच कमी झाल्या.

मी ‘गुड कंडिशन’ लिहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणतं ‘गुड’चा अर्थ वेगळा. असं कसं?

इथे गिऱ्हाईक बरोबर आहे, किंवा निदान त्याच्या जगात बरोबर आहे. आपण ‘गुड’ म्हणतो तेव्हा मनात ‘चांगली’ असतं. तबकड्यांच्या धंद्यात ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन मासिकाची प्रतवारी चालते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, मग गुड प्लस आणि गुड. या उतरंडीत ‘गुड’ म्हणजे भरपूर चरे, भरपूर आवाज, फक्त वाजते एवढंच. संग्राहकाला साधारण ‘व्हेरी गुड प्लस’पासून वरची हवी असते. ब्रिटिश गिऱ्हाईक आणखी वेगळं. त्यांच्याकडे ‘एक्सलंट’ नावाची पायरी आहे, ती ढोबळमानाने अमेरिकन ‘व्हेरी गुड प्लस’च्या जवळ बसते. त्यामुळे अमेरिकन पद्धतीने ‘व्हेरी गुड’ लिहिलेली तबकडी ब्रिटनमध्ये गेली की गैरसमजाला जागा राहते.

मी काय करतो: प्रत कुठल्या पद्धतीने लावली ते नावानिशी लिहितो, तबकडी आणि कव्हर यांची प्रत वेगवेगळी लिहितो, आणि शंका आली की एक पायरी खालची लिहितो. ‘फक्त डोळ्यांनी पाहून’ लावली की ‘वाजवून’, हेही लिहितो. कमी प्रत लिहिल्याने बोली थोडी खाली राहते, हे खरं. पण कव्हर उघडल्यावर गिऱ्हाइकाला अपेक्षेपेक्षा बरी तबकडी मिळते, आणि तक्रारीला कारणच उरत नाही.

‘रिटर्न घेत नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी गिऱ्हाइकाने रिटर्न, म्हणजे परतीची मागणी, कशी उघडली?

कारण ‘रिटर्न नाही’ हे फक्त मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लागू होतं. वस्तू वर्णनासारखी नाही किंवा मिळालीच नाही, असं गिऱ्हाइकाने म्हटलं की ईबेची पैसे परतीची हमी लागते. वस्तू हातात पडल्यापासून, किंवा पोचण्याची जी शेवटची तारीख दाखवली होती त्यापासून, ३० दिवसांत ते तक्रार करू शकतात. तक्रार आली की तुमच्याकडे ३ कामाचे दिवस असतात. त्यानंतर दोघांपैकी कुणीही ईबेला मध्ये पडायला सांगू शकतो.

काही गिऱ्हाइकं हे ओळखून असतात. मन बदललेलं असतं, पण ‘मन बदललं’ निवडलं तर रिटर्न मिळत नाही किंवा तिचा खर्च त्यांच्या अंगावर पडतो, म्हणून ‘वर्णनासारखी नाही’ निवडतात. अशा वेळी त्याच केसमध्ये शांतपणे लिहा की अमुक दोष वर्णनाच्या अमुक वाक्यात आणि अमुक क्रमांकाच्या फोटोत आहे. आणि गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार ईबेकडे नोंदवा, त्यासाठी वेगळा पर्याय असतो. केस तरीही गिऱ्हाइकाच्या बाजूने जाऊ शकते, पण नोंद राहते.

युरोपातल्या गिऱ्हाइकांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोपीय महासंघातल्या ग्राहकाला व्यावसायिक विक्रेत्याकडून दुरून घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, आणि ऑनलाइन लिलाव त्यातून सुटत नाहीत. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने १४ दिवसांच्या आत परत घ्या म्हटलं तर तो अवाजवी वागत नाही, आपला कायदा सांगतो आहे.

‘निम्मे पैसे परत करा, नाहीतर निगेटिव्ह देईन’ असा मेसेज आला. देऊन टाकू का?

देऊ नका.

हा मेसेज म्हणजे फीडबॅकच्या, म्हणजे साइटवरच्या जाहीर शेऱ्याच्या, धाकावर पैसे उकळणं आहे, आणि ईबेच्या नियमांत ते बसत नाही. पण ते सिद्ध करायला मेसेज ईबेच्या आतला हवा. म्हणून गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर बोलायला बोलावत असेल तर जाऊ नका. साइटवरच्या मेसेजमध्ये उत्तर द्या: वस्तू वर्णनासारखी नाही असं वाटत असेल तर रिटर्न उघडा, तबकडी परत आली की पूर्ण पैसे मिळतील. एवढंच. मग तो मेसेज ईबेकडे पाठवा.

यात एक खोच आहे. खरोखर दोष सापडलेलं गिऱ्हाईक बहुतेकदा तबकडी परत करायला तयार असतं. ज्याला तबकडी ठेवायची आहे आणि पैसेही हवेत, त्याला ‘परत करा, पूर्ण पैसे घ्या’ हे उत्तर नको असतं. तिथे बरंच कळतं. अर्थात हे वचन देताना ते पाळायची तयारी ठेवा. अमेरिकेतून भारतात एलपी परत आणायचा खर्च कित्येकदा तबकडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि ‘वर्णनासारखी नाही’ या केसमध्ये तो विक्रेत्याने सोसायचा असतो. स्वस्त तबकडीच्या बाबतीत हा हिशेब आधीच मनाशी करून ठेवा.

परत आलेली तबकडी माझी नव्हेच. आता काय?

हे झालेलं आहे, माझ्याही बाबतीत. चांगली ठेवून तेच लेबल असलेली झिजलेली तबकडी परत पाठवतात.

यावर उपाय पाठवण्याआधीच करावा लागतो. बहुतेक तबकड्यांवर, शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा क्रमांक, कोरलेला असतो. त्याचा फोटो घ्या. पण फक्त तो पुरत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या तबकड्यांवर तोच क्रमांक असतो. म्हणून तबकडी प्लेअरच्या मधल्या दांडीवर बसवताना भोकाभोवती लेबलवर उमटलेल्या रेघा, लेबलच्या कागदाचा सुटलेला कोपरा, कुणी शाईने लिहिलेली सही किंवा तारीख, कडेचा बारीक टवका, यांचे जवळून, तिरक्या उजेडात फोटो घ्या. या खुणा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन तबकड्यांवर सारख्या नसतात. मी तबकडी खिडकीशी धरतो, सकाळचं तिरकं ऊन पडतं तेव्हा प्रत्येक रेघ दिसते.

परत आलेलं पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, आधी चिकटपट्टी आणि पत्ता दाखवून. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून ईबेला दाखवा.

‘पार्सल मिळालंच नाही’ म्हणतात. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय.

ट्रॅकिंगवर गिऱ्हाइकाच्या गावात पोचल्याची नोंद असेल तर ‘मिळालं नाही’च्या केसमध्ये तुम्ही सुरक्षित असता. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठी विक्री असेल तर सहीची नोंदही लागते. म्हणून ट्रॅकिंगशिवाय काहीही पाठवू नका, पाच डॉलरची ईपी असली तरी. पोस्टाचा भारतीय नंबर ‘आयएन’ने संपतो. तोच नंबर परदेशातल्या पोस्टाच्या साइटवर टाकून पाहा, कधी कधी तिथली नोंद इथल्यापेक्षा आधी दिसते. गिऱ्हाइकाला तो दुवा पाठवा आणि शेजाऱ्याकडे, इमारतीच्या ऑफिसात विचारायला सांगा. बहुतेक वेळा पार्सल तिथेच सापडतं.

पोचली, पण फुटलेली. पॅकिंग तर मी भक्कम केलं होतं.

हा दोष गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकू नका. वाटेत फुटली तरी ती वर्णनासारखी पोचली नाही, म्हणजे जबाबदारी आपली. लाखेची तबकडी काचेइतकीच ठिसूळ असते. ती दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्यांच्या आतल्या कागदी लाटा एकमेकींना काटकोनात येतील अशी ठेवायची, कडेने सरकायला जागा राहू द्यायची नाही, आणि तो गठ्ठा दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारही बाजूंनी मऊ भरण घालून ठेवायचा. एलपी कव्हरातून बाहेर काढून, आतल्या पिशवीसकट कव्हराच्या मागे ठेवायची. आत ठेवली तर हादऱ्याने तबकडीची कड कव्हराचा सांधा फाडते, आणि मग कव्हराची तक्रार येते. बबल रॅप थेट तबकडीला लावू नका.

पॅकिंग करताना प्रत्येक थराचा फोटो ठेवतो. टपाल खात्याकडे किंवा कुरिअरकडे भरपाई मागताना तो लागतो.

बोली जिंकली, आता म्हणतात ‘चुकून जास्त आकडा टाकला’. की हे असंच निमित्त?

कधी खरंच चूक असते. ९.९५ऐवजी ९९५ टाकलं जातं. बोली सुरू असताना अशी चूक असेल, वर्णन नंतर बदललं असेल किंवा विक्रेत्याशी संपर्कच होत नसेल, तर बोली मागे घेता येते. शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली मात्र लावल्यापासून तासाभरातच मागे घ्यावी लागते. आपल्याकडच्या १९३०च्या वस्तू विक्री कायद्यातही कलम ६४ सांगतं: हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की विक्री पुरी.

लिलाव संपल्यावर पैसेच भरले नाहीत तर ४ दिवस वाट पाहा. त्यानंतर ‘गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत’ हे कारण निवडून विक्री रद्द करा. ‘गिऱ्हाइकाने विनंती केली’ हे कारण निवडू नका, नाहीतर त्याच्या नावावर नोंद होत नाही. पैसे न भरण्याच्या दोन नोंदी असलेल्यांना बोली लावू न देण्याची सोय तुमच्या सेटिंगमध्ये आहे, ती आजच सुरू करा.

‘तुमच्याच माणसाने बोली चढवली’ असा आरोप झाला. किंमत एकदम १२वरून ६१वर गेली होती.

हा आरोप ऐकून जीव जळतो, पण त्याला समजण्यासारखं उत्तर आहे. ईबेवर गिऱ्हाईक आपली कमाल किंमत टाकतं, आणि साइट त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. ‘अ’ने कमाल ६० टाकलं असेल तर बाहेर १२च दिसतात. शेवटच्या क्षणाला ‘ब’ने ७५ टाकले की किंमत ६०च्या पुढची एक पायरी, म्हणजे ६१, होते. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात ही पायरी १ डॉलरची असते. दोनच माणसं, एकच मिनिट, आणि किंमत पाचपट. मी हेच उदाहरण आकड्यांसकट लिहून पाठवतो.

आणि भावाला, मित्राला सांगून खरंच बोली चढवत असाल तर ते आत्ता थांबवा. साइट खातं बंद करते, आणि आपला १९३०चा कायदाही विक्रेत्याने लपून लावलेल्या बोलीला फसवणूक मानायचा हक्क गिऱ्हाइकाला देतो.

कस्टम ड्यूटी भरावी लागली म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे पैसे मागतंय.

२९ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी बंद केली. त्याआधी चार दिवस भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं, ती ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. त्या जवळजवळ दोन महिन्यांत लिलाव संपलेल्या तबकड्यांवर मला रोज मेसेज येत होते. मी दर आठवड्याला एक निरोप स्वतःहून पाठवत राहिलो, आणि थांबायला तयार नसलेल्यांचे पैसे परत केले. हे चुकलं नाही असं आजही वाटतं.

ड्यूटी कोण भरणार हे वर्णनात स्पष्ट हवं. तसं लिहिलं असेल तर मागणी नम्रपणे नाकारा. आणि कस्टमच्या फॉर्मवर किंमत कमी लिहायची विनंती आली तर ती कधीही मान्य करू नका. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरीही.

निगेटिव्ह फीडबॅक आलाच. मीही त्याला निगेटिव्ह देऊ शकतो का?

नाही. २००८पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकासाठी निगेटिव्ह देता येत नाही. तुम्ही फीडबॅकखाली उत्तर लिहू शकता, आणि प्रश्न सुटला असेल तर गिऱ्हाइकाला फीडबॅक बदलायची विनंती पाठवू शकता. उत्तर लिहिताना ते त्या गिऱ्हाइकासाठी नाही, पुढच्या गिऱ्हाइकासाठी आहे हे डोक्यात ठेवा. ‘फोटो क्र. ४मध्ये चरा दाखवला होता. पूर्ण रिफंडची तयारी दाखवली होती.’ एवढ्या दोन वाक्यांनी तुमची बाजू कळते. लांबलचक खुलासा वाचून लोक गिऱ्हाइकावर विश्वास ठेवतात.

रात्री उशिरा तक्रार वाचली, लगेच उत्तर देऊ का?

सकाळी द्या. ३ कामाचे दिवस आहेत. लिहिताना ‘मी आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य आलं तर खोडा. माणसाबद्दल एकही शब्द नको, सगळं तबकडीबद्दल. पहिल्या वाक्यात त्यांना काय त्रास झाला ते परत सांगा, दुसऱ्यात वर्णनात काय होतं, तिसऱ्यात तुम्ही काय करायला तयार आहात. इंग्रजी साधं ठेवा. भाषांतराच्या यंत्रातून टाकलेलं उत्तर कधी कधी उद्धट वाटतं, ते मोठ्याने वाचून बघा.

गिऱ्हाइकाने थेट बँकेकडे पैसे परत मागितले. ही वेगळी केस असते का?

वेगळी. कार्डाची बँक निर्णय देते, ईबे फक्त तुमची कागदपत्रं पुढे पाठवते. उत्तराला ५ दिवसच मिळतात, सुट्ट्या धरून. ट्रॅकिंग, वर्णन, फोटो, मेसेज एका फाइलमध्ये आधीच तयार असतील तर वेळ पुरतो.

शंभर वर्षं जुनी ७८ विकली आणि गिऱ्हाईक ‘पाठवाच’ म्हणतंय. नाही म्हटलं तर केस करेल.

इथे गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाने परदेशी पाठवायच्या नसतात. विक्री रद्द करून पैसे परत करा. मी तबकडीचं साल नक्की लागत नसेल तर ती परदेशी लिलावाला लावतच नाही, पुण्या-मुंबईतल्या संग्राहकांना दाखवतो.

मुकाट पैसे परत करावेत असं कधी वाटतं?

तबकडी स्वस्त असेल आणि तक्रारीत थोडंसं तरी तथ्य असेल, तेव्हा पूर्ण रिफंड देतो आणि तबकडी ठेवून घ्यायला सांगतो. दोषाचा फोटो आधी मागतो. पूर्ण परत करायचं नसेल तर काहीच देत नाही. अर्धवट रिफंड बहुतेक वेळा दोघांनाही समाधान देत नाही, आणि घासाघीस सुरू होते.

ज्या गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा अशीच तक्रार केली, त्याला मात्र बोली लावणाऱ्यांच्या यादीतून कायमचं वगळतो. त्याचं नाव, तारीख आणि तक्रार एका वहीत लिहून ठेवतो. ती वही नवा लिलाव लावण्याआधी चाळायची सवय आहे.